[मंडळ] गड्ड्याचं (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचं) जेवण: किसरावाल्या बाईंना पैसे द्यायचे का नाही? (शुक्रवारच्या आत सांगा)

वैशाली, लेस्टर (इंग्लंड)

मंडळी, हॉलवाल्यांना शुक्रवारपर्यंत किचनमध्ये कोण कोण असणार ती नावं द्यायचीत म्हणून घाईत टाकतेय. मेन्यू तोच, भोगीची भाजी, बाजरीची तीळ लावलेली भाकरी, शेंगाचटणी, कडक भाकरी. यंदा एक भर. गुरुवारच्या चहाला येणाऱ्या सुदानच्या बाई, (ज्यांना माहीत नाही त्यांनी अंजलीला विचारा), मी डब्यात ज्वारीची भाकरी नेली होती तर तुकडा मोडून वास घेतला आणि पहिला प्रश्न, पीठ कुठं मिळतं. त्यांच्याकडे ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवून तव्यावर कागदाएवढं पातळ पसरतात, किसरा. ८० माणसांचा करायला तयार आहेत. मागच्या वर्षी भाकऱ्यांचे बाहेर जेवढे दिले तेवढेच यांना द्यायचे असं मी म्हणाले तर श्रीकांत नाही म्हणतो. का ते त्याने इथेच लिहावं, मला फोनवर नको. गणपतीत झालं तसं आयत्या वेळी परत नको.

श्रीकांत (खजिनदार)

लिहितो. बाईंचा आश्रयाचा (असायलमचा) अर्ज अजून चालू आहे. अर्ज चालू असताना काम करायची परवानगी नसते. वर्षभर निर्णय लागला नाही आणि उशीर त्यांच्यामुळे झालेला नसेल तर परवानगी मागता येते, ती मिळाली तरी सरकारच्या ठरलेल्या यादीतल्याच नोकऱ्या, आणि स्वतःचा धंदा तर नाहीच. म्हणजे "ऑर्डर घेतली" असंही दाखवता येत नाही. परवानगी नसलेल्या माणसाला कामावर ठेवलं तर पहिल्याच वेळी दंड माणशी ४५,००० पौंडांपर्यंत. मंडळाच्या खात्यात किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. आणि दंड राहू दे, त्या बाईंवर बेकायदा काम केल्याचा शिक्का बसला तर त्यांच्या केसचं काय.

बाकी किसरा करण्याला माझी हरकत नाही.

सुनील, सध्या सोलापूर

श्रीकांतराव नमस्कार, इथं होम मैदानावर गड्ड्याचा आवाज इतका आहे की फोन ऐकू येईना म्हणून मेल करायलोय. यात्रेतल्या अक्षता झाल्या की दोन दिवसांनी निघतो. मालदांडी ज्वारीचं पीठ आणतोय, आईनं गिरणीत डोळ्यादेखत दळून घेतलंय. पैशाचं कशाला एवढं डोक्याला लावून घ्यायलाव? भेट म्हणा. पाकिटात घालून हातात द्या, कोण विचारतंय बे. आपल्याकडं हळदीकुंकवाला बायकांच्या ओटीत घालत नाहीत का.

दुसरं, बाईंच्या हॉटेलातल्या लोकांसाठी चादरी किती आणू ते सांगा. ओळखीचा कारखाना आहे, चांगला भाव देतो म्हणाला. जेकार्डच्या, अस्सल.

अंजली

सुनील, चादरी आणू नकोस!! प्लीज. मागे ब्लँकेटांच्या पिशव्या कुणीकुणी आणून ठेवल्या त्या अजून माझ्या गॅरेजमध्ये आहेत. अर्ज चालू असलेल्यांना सरकारने ठेवलंय त्या हॉटेलच्या खोलीत आई, दोन मुलं, पलंग आणि कपाट, चादर ठेवणार कुठे. अंथरूण-पांघरूण हॉटेल देतं. लागतं काय ते मी तीनदा लिहिलंय पण वाचतं कोण: फोनचा डेटा (वकील, शाळा, सरकारी ऑफिस सगळं फोनवरच), बसचं भाडं, मुलांचे काळे शाळेचे बूट. जेवण हॉटेलचं असलं की सरकारी कार्डावर आठवड्याला माणशी दहा पौंड पण पुरते येत नाहीत, स्वतः करून खाणाऱ्यांना ४९.१८ मिळतात. दहा पौंडात दोनदा गावात जाऊन आलं की संपलं.

पीठ मात्र आण.

बापूकाका, रेल्वे लाइन्स, सोलापूर

सर्वांस आशीर्वाद. मी परत आलो असलो तरी लिस्टवर आहे हे विसरू नये.

श्रीकांत, नियम तू म्हणतोस तसा असेल. पण १९७२ आठव. इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत युगांडा सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलने तिकडच्या पेपरात जाहिरात दिली होती, आमच्याकडे येऊ नका, जागा नाही. तरी आले. बेलग्रेव्ह रोडवर आज ज्वारीचं पीठ मिळतं ते त्यांच्यामुळे, नाहीतर तुम्ही मैद्याच्या भाकऱ्या थापत बसला असता. आणि त्याच साली इकडे काय होतं? दुष्काळ. रेशनवर लाल मिलो (अमेरिकेची ज्वारी), ती भाकरी घशाखाली उतरत नसे. पण सरकारनं लोकांना नुसतं बसवून धान्य वाटलं नाही, खडी फोडायला लावली, पाझर तलाव खणायला लावले आणि रोजगार दिला. माझे वडील त्या कामांच्या मस्टरवर (हजेरीपटावर) होते, बायका अंगठा उठवून पैसे मोजून घ्यायच्या, पदराला गाठ मारायच्या. माणसाला वर्षभर काम करू नको म्हणून खोलीत बसवायचं हे कसलं धोरण?

गड्ड्याला यंदा गर्दी फार आहे. नंदीध्वजांची मिरवणूक बघायला पोरं आली होती.

श्रीकांत

> आणि त्याच साली इकडे काय होतं?

काका, युगांडातून आलेल्या बहुतेकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. उतरले आणि कामाला लागले, कुणी गिरणीत, कुणी होजिअरीत. या बाईंना ते करता येत नाही, हाच तर घोळ आहे. धोरण वाईट आहे हे मला मान्य आहे पण मी खजिनदार आहे, खासदार नाही.

सुनील, पाकीट नाही. व्हाउचरही नाही, कामाच्या बदल्यात काहीही दिलं की तो मोबदलाच. ओटीत नारळ घाल, पौंड नको.

मार्ग एकच. चॅरिटीसाठी स्वयंसेवक म्हणून काम करायला त्यांना मुभा आहे. आपलं मंडळ रजिस्टर्ड आहे (मीच केलंय, तेव्हा किती जण मीटिंगला आले होते ते आठवा). येण्याजाण्याचं बसभाडं आणि त्या दिवसाचं जेवण देता येतं, पावती हवी. नाव स्वयंसेवकांच्या यादीत टाकू.

वैशाली

म्हणजे ८० जणांचा स्वयंपाक फुकट.

बरोबर समजलेय ना मी? मागच्या वर्षी भाकऱ्या करणाऱ्यांना पैसे दिले, ते घाईघाईत निम्म्या कच्च्या देऊन गेले तरी दिले, आणि या बाई रात्री पीठ आंबवणार, दिवसभर तव्यापुढे उभ्या राहणार, त्यांना बसची पावती. आणि आपण स्टेजवरून शाल-श्रीफळ देऊन "सेवा" म्हणून फोटो काढणार. मला हे जमणार नाही. त्यापेक्षा किसरा नको.

प्रिया

वैशालीताई, तुमचा मुद्दा कायद्यातही बरोबर आहे, गंमत बघा. स्वयंसेवक हा पगारी माणसाच्या जागी चालत नाही. मागच्या वर्षी आपण भाकऱ्यांचे पैसे मोजले, हिशोबात श्रीकांतदादांनीच लिहिलेत. आता तेच काम बाईंकडून फुकट करून घेतलं तर ते काम ठरतं, बिनपगारी काम, आणि त्याचीही परवानगी नाही. म्हणून भाकऱ्यांची ऑर्डर नेहमीप्रमाणे बाहेर द्या. बाई मुलांना घेऊन जेवायला येऊ देत, पाहुण्या म्हणून. हौसेने दोन किसरे करून दाखवले तर तो स्वयंपाकाचा कंत्राट होत नाही.

मी कन्व्हेयन्सिंगमध्ये (घरखरेदीच्या कागदपत्रांत) आहे, इमिग्रेशनमध्ये नाही, सो हे सगळं सरकारी वेबसाइटवर आहे तेवढंच सांगतेय. तसंही नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं इथे गुन्हा आहे, १९९९ च्या कायद्यापासून. लिस्टवरच्या काही जणांनी हे लक्षात ठेवावं, उत्साहात फॉर्म भरून देतात.

राहुल

हे माझ्यासाठी होतं का? मी भरलेला फॉर्म शाळेचा होता. वर्षाच्या मधे प्रवेश हवा असेल तर कौन्सिलचा अर्ज असतो, त्यात आश्रयबिश्रय काही नाही, पोरगं ५ ते १६ मधलं असलं की शाळा द्यावीच लागते. दुसरा डॉक्टरचा, तिथे रिसेप्शनवरच्या बाईने पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा मागितला, मी म्हटलं नोंदणीला दोन्ही लागत नाहीत, तुमच्याच एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) साइटवर आहे, मोबाइलवर दाखवलं, तासभर थांबवलं आणि मग मुकाट्याने केलं. हे पण गुन्ह्यात बसतं का प्रिया? केसच्या कागदाला मी हात लावत नाही, ते वकिलाकडे.

आणि एक, बाईंचं नाव आणि हॉटेलचं नाव कुणीही लिस्टवर टाकू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये रॉदरहॅमला माणसं आत असताना हॉटेलला आग लावायला लोक गेले होते. ही लिस्ट कुठे कुठे फॉरवर्ड होते ते काकूंच्या हळदीच्या मेसेजवरून माहितीय सगळ्यांना.

प्रिया

> हे पण गुन्ह्यात बसतं का प्रिया?

नाही रे. नाव घेतलं नव्हतं मी कुणाचं.

सुनील, सोलापूर

ठराव काय झाला ते कळेना. मी चार चादरी घेतल्या, अंजलीवहिनी रागावू नका, दोन हॉलच्या स्टेजवर अंथरायला होतील. शेंगाचटणी तीन किलो, कडक भाकरीचे पुडे वेगळे. पिठाचं वजन धरून बॅग २३ किलोच्या वर जायलीय, पीठ कमी करू का चटणी?

अंजली

चादरी कमी कर!!!

वैशाली

काल गुरुवारी बाईंशीच बोलले, मधे एकजण अरबी बोलणारी होती म्हणून नीट बोलता आलं. पैशांचा विषय त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. कागद दाखवला त्यांनी, मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो, काम करायचं नाही म्हणून. पैसे दिले असते तर घेतलेच नसते म्हणाल्या, आपणच आठवडाभर भांडत बसलो.

त्यांना हवंय ते वेगळंच. किचन. हॉटेलात शिजवू देत नाहीत, केटलसुद्धा नाही, धाकटा तिथलं जेवण तोंडात धरून बसतो आणि थुंकतो. सुक्या भेंडीच्या पुडीचं कालवण असतं त्यांच्याकडे, त्याबरोबर किसरा, तेवढं तो खातो. आठवड्यातून एकदा दोन तास शेगडी आणि मोठा तवा मिळाला तर त्या आणि आणखी दोघी आपापल्या पोरांचं करून नेतील. गड्ड्याचा याच्याशी संबंध नाही, बदल्यात वगैरे काही नाही, शनिवारी त्या नुसत्या जेवायला येतील. प्रिया, हे चालेल ना?

बुधवारी दुपारी आपला हॉल रिकामाच असतो, भाडं वर्षाचं भरलेलं आहे. मला कुणी नियम सांगू नका, तारीख सांगा.

प्रिया

स्वतःच्या मुलांसाठी स्वयंपाक करणं म्हणजे काम नव्हे. चालेल.

श्रीकांत

हॉलच्या करारात किचन "मंडळाच्या सदस्यांसाठी" असं आहे. सदस्यत्वाची फी कार्यकारिणी माफ करू शकते, कलम मीच घातलंय, मागे विद्यार्थ्यांसाठी वापरलं होतं. तिघींना सदस्य करून घेऊ, ठरावाला दोन नावं द्या. विमा सदस्यांना लागू आहे. पण किचनमध्ये आपल्यापैकी एकजण थांबायला हवा आणि गॅस बंद केल्याची वहीत सही. पहिल्या बुधवारी मी थांबतो, मला घरून काम आहे.

शनिवारच्या भाकऱ्यांची ऑर्डर दिली. या वेळी पैसे भाकऱ्या तपासून मगच.

बापूकाका

अनुमोदन माझं लिहा. सोलापूरहून चालत असेल तर.

राहुल

सूचक मी.

मोठा तवा कोणाकडे आहे? आणि मागच्या दाराची किल्ली? पुढच्या दाराने बुधवारी जाता येत नाही, तिथे योगावाले असतात.

वैशाली

तवा माझ्याकडे. किल्ली गणपतीपासून अनिताकडे आहे. अनिता, वाचतेयस का?

अनिता

आत्ता बघितलं सगळं, एवढे मेल! किल्ली पर्समध्ये आहे आणि पर्स घेऊन मी सोलापुरात, भावाच्या मुलाची मुंज आहे, महिनाअखेरीला येणार. सुनीलभाऊ नवी पेठेत येणार असाल तर देते, कुठे भेटू सांगा. आणि आमचं तिथलं दुकान मात्र दुपारी बंद असतं, चारनंतर या.