मिंटवर फायरफॉक्समध्ये ओटीटी चालेना, यूट्यूबही अडकतंय

निवांत_नागपूरकर
बाबांचा जुना लॅपटॉप आहे, चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि ११ यावर बसत नाही, म्हणून लिनक्स मिंट टाकलं. वायफाय, प्रिंटर सगळं पहिल्या झटक्यात चाललं. पण फायरफॉक्समध्ये एका पेड ओटीटीवर ट्रेलर चालतो आणि मालिका लावली की काळा पडदा आणि एरर कोड. यूट्यूब चालतं पण १०८० ला अडकत अडकत, पंखा नुसता बोंबलतो. नेट चांगलं आहे, फोनवर तेच ओटीटी व्यवस्थित दिसतं. एका व्हिडिओत बघून मल्टिमीडिया कोडेक (व्हिडिओ उलगडणारे सॉफ्टवेअरचे तुकडे) पण टाकले, फरक शून्य. बाबा रोज संध्याकाळी विचारतात, झालं का रे?

कर्नल_काका
दोन वेगळी दुखणी आहेत, एकत्र करू नका. ओटीटीचा कोडेकशी संबंध नाही, ते डीआरएम आहे, म्हणजे नक्कल रोखायला व्हिडिओला लावलेलं कुलूप. ट्रेलरला सहसा कुलूप नसतं, मालिकेला असतं, आणि ते उघडायला वाइडवाइन नावाचा गूगलचा तुकडा लागतो. लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्ये तो आपण परवानगी दिल्याशिवाय येत नाही. सेटिंग्जमध्ये जनरल, तिथे खाली डीआरएम कंटेंट असा भाग आहे, टिक करा, दोनेक मिनिटं थांबा म्हणजे तो मागच्या मागे डाउनलोड होतो, मग ब्राउझर बंद करून उघडा. अॅड-ऑन्समध्ये प्लगिन्सखाली वाइडवाइन दिसलं की काम झालं. शेजारी सिस्कोचं ओपनएच२६४ पण दिसेल, ते मुख्यतः व्हिडिओ कॉलसाठी, त्याच्या मागे लागू नका.

सरळमार्गी
एवढा खटाटोप कशाला, क्रोम टाका, वाइडवाइन आतच येतं. फक्त क्रोमच घ्या, क्रोमियम (क्रोमचं मुक्त भावंड) नको, मिंटच्या रिपॉझिटरीतल्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या भांडारातल्या, क्रोमियममध्ये ते बहुतेक वेळा नसतं आणि लोक तिथेच डोकं फोडत बसतात.

मुक्तछंद
विंडोज सोडून आलात आणि परत वाइडवाइनसारखा बंद कोडचा डबा (आत काय आहे ते कोणाला बघता येत नाही) घरात घेताय, चालू द्या.

कर्नल_काका
@मुक्तछंद, बाबांना मालिका बघायची आहे हो, चळवळ नाही करायची. फायरफॉक्समध्ये तो डबा सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी सिस्टीमपासून वेगळ्या कुंपणात, चालतो आणि नको झाला की टिक काढता येते.

आता यूट्यूब. व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा, कोडेकसमोर व्हीपी०९ किंवा एव्ही०१ (नवे व्हिडिओ फॉरमॅट) असेल तर तेच कारण. चौथ्या पिढीच्या इंटेलला हे दोन्ही हार्डवेअरवर नीट उलगडता येत नाहीत, सगळा भार सीपीयूवर. एच२६४ हा जुना फॉरमॅट मात्र येतो. म्हणून एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन टाका, मग यूट्यूब एव्हीसी१ (म्हणजे एच२६४च) देईल. शिवाय आय९६५ व्हीए ड्रायव्हर (व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपकडे देणारा) आहे का बघा (नवा इंटेल मीडिया ड्रायव्हर पाचव्या पिढीपासून पुढे, तुमच्या कामाचा नाही). टर्मिनलमध्ये व्हीएइन्फो चालवा, यादीत एच२६४ आणि समोर व्हीएलडी (हार्डवेअरवर उलगडण्याची खूण) दिसलं म्हणजे ड्रायव्हर जागा आहे. मग त्याच स्टॅट्समध्ये ड्रॉप्ड फ्रेम्स (गळालेली चित्रं) वाढतात का बघा. एच२६४ मध्ये यूट्यूब साधारण १०८० पर्यंतच देतं, तुम्हाला तेवढं पुष्कळ.

फेडोरावाली
कोणी फेडोरावर (लिनक्सचाच दुसरा प्रकार) असाल तर उलटं आहे हं, तिथे कोडेकच आधी. पेटंटच्या भानगडीमुळे एच२६४ चा पूर्ण एफएफएमपेग (व्हिडिओ उलगडणारं सॉफ्टवेअर) मूळ रिपॉझिटरीत नसतो, आरपीएम फ्यूजन नावाचं बाहेरचं भांडार जोडून तो आणावा लागतो, एएमडी ग्राफिक्स असेल तर मेसाचे (ग्राफिक्सचे) फ्रीवर्ल्डवाले ड्रायव्हर पण तिथूनच.

निवांत_नागपूरकर
काका, टिक केली आणि मालिका सुरू, बाबा खूश! यूट्यूबला व्हीपी०९ च होतं, एक्स्टेन्शन टाकल्यावर पंखा गप्प. फक्त ओटीटीवर चित्र फोनपेक्षा मऊ दिसतं, काही सेटिंग आहे का?

कर्नल_काका
नाही. लिनक्सच्या ब्राउझरमध्ये वाइडवाइनची एल३ पातळी मिळते, म्हणजे सगळं सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्यामुळे बऱ्याच सेवा मुद्दाम कमी रिझोल्यूशन पाठवतात. फोनमध्ये बहुतेक वेळा एल१ असतं, म्हणजे कुलूप हार्डवेअरमध्येच. त्या लॅपटॉपची स्क्रीन १३६६ बाय ७६८ असेल तर फारसं बिघडत नाही, टीव्हीला जोडायचा विचार असेल तर मात्र टीव्हीतलं अॅपच वापरा.