दुनळी की .32? आजोबांची पसंती आणि नातवाची

प्रश्न
राम राम मंडळी. यावल-चोपड्याकडे सत्तरीच्या माणसांकडे 12 बोअर दुनळी दिसते, तिशीतली पोरं मात्र .32च (कमरेला लावायची छोटी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल) मागतात. फरक नुसत्या हौसेचा आहे का? आणि घरातली दुनळी नातवाच्या नावावर करायची तर काय तपासावं?

सातपुडा पायथा
हौस नंतर, आधी कायदा. 1959च्या शस्त्र कायद्यात, कलम 13 मध्ये, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान 20 इंच नळीची छर्ऱ्याची बंदूक आणि पीक राखायला ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू भरायची) बंदूक, एवढ्यांची वाट सोपी ठेवली आहे. बाकी हत्यारांना सबळ कारण पटवावं लागतं. म्हणून शेतकऱ्याच्या घरी दुनळी आली. आता पोरगा तालुक्याला दुकान चालवतो, रात्री रोकड घेऊन घरी येतो. तीन किलोची दुनळी तो कुठे बाळगणार? पण केळीत डुकरं येतात म्हणून .32 घेऊ नका, तीन इंची नळीचा तिथे काही उपयोग नाही. आणि शस्त्राचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची मुभा नव्हे, वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

आबा, शिरपूर
दुनळी आधी रिकामी करा, मग नळ्या लाकडापासून सोडवून दोरीला टांगा आणि टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर ठीक. भद्द वाजलं तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाख सुटलाय, गनस्मिथकडे न्या.

खरा धोका चेंबरचा, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेचा. जुन्या विलायती बंदुकांचं चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे 65 मिमी. 70 मिमीचं काडतूस त्यात सहज बसतं, कारण लिहिलेली लांबी उडाल्यानंतरची असते. बार उडताना काडतुसाचं दुमडलेलं तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच वाढतो. नळ्यांच्या बुडाखालचा शिक्का वाचा, नसेल तर मोजून घ्या. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली जुनी नळी. तिच्यात आजची बिनधुराची काडतुसं घालूच नका.

नळीत कुंभारमाशीचं मातीचं घर आहे का तेही उजेडात बघा. तेवढ्यानेही नळी फुटते. लाकूड आपल्याकडच्या उन्हाने आकसतं, स्क्रू ढिले पडतात. जवसाच्या तेलाचा पातळ हात उन्हाळ्याआधी द्यावा. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नये, ओल धरते.

भुसावळकर
.32 घेणाऱ्यांची चूक वेगळीच. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल दोन्ही .32, पण काडतूस एक नाही. सरकारी कारखान्याच्या रिव्हॉल्व्हरला 7.65×23 मिमी, अशनी नावाच्या सरकारी पिस्तुलाला 7.65×17 मिमी. पावतीवर नुसतं .32 लिहू देऊ नका.

सातपुडा पायथा
कागदांचं राहिलं. परवानाधारक हयात असतानाही वारसाला परवाना मिळू शकतो: परवानाधारकाचं वय 70 झालं असेल किंवा त्याने हत्यार 25 वर्षं बाळगलं असेल तर. बाकी वारसांची लेखी ना-हरकत आधी गोळा करा, अडकतं ते तिथेच. 2019च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशाचं धरून. नातवाकडे आधीच दोन असतील तर दुनळी दुसऱ्या वारसाच्या नावे करा. परवानाधारक वारले असतील तर अर्ज निकाली निघेपर्यंत बंदूक घरात ठेवू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या.