बांबूच्या अर्काला ‘जंतुनाशक’ म्हणावे का?

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ता):
नागपुरात हल्ली कोणत्याही प्रदर्शनात गेले की बांबूच्या मोज्यांवर, साबणावर आणि पानांच्या चहावर ‘नैसर्गिक जंतुनाशक’ असे लिहिलेले आढळते. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो आणि या शब्दाचा असा सढळ वापर थांबावा, असे माझे मत आहे. आमचे विद्यार्थी मानवेल या बांबूच्या वाळलेल्या पानांचा मेथॅनॉलमधला अर्क, जंतू वाढवायच्या आगरच्या थरात पाडलेल्या खळगीत घालतात आणि दुसऱ्या दिवशी भोवती जंतू न वाढलेले वर्तुळ दिसले की हरखून जातात. पण शेजारच्या खळगीत नुसते मेथॅनॉल घालून तेवढेच वर्तुळ उमटत असेल, तर श्रेय पानाचे की द्रावकाचे? ई. कोलायसारखे जिवाणू तर बाहेरच्या आवरणामुळे अशा अर्कांना सहसा दाद देत नाहीत. मोज्यांचे काय सांगावे! बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांच्या प्रक्रियेतून गेला की उरते ते व्हिस्कोज, म्हणजे एक मानवनिर्मित धागा, आणि त्यात बांबूचा जंतुनाशक गुण टिकतो असा दावा करणाऱ्या विक्रेत्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्येच कारवाई केली होती.

इतवारीकर वैद्य:
सर, मोज्यांबद्दल वाद नाही. परंतु आम्ही बांबूकडे जंतू मारणारे द्रव्य म्हणून पाहतच नाही. सितोपलादि चूर्णात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन (बांबूतून मिळणारे पांढरे द्रव्य) ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १ असे प्रमाण असते, आणि ते खोकल्यावर मधा-तुपातून चाटवतात. जे काम त्याला कधी सांगितलेच नाही, त्यात त्याला नापास करून आपण काय सिद्ध केले? पानांत ओरिएंटिन, व्हायटेक्सिन यांसारखी फ्लेव्होनॉइड्स ही वनस्पतिजन्य रसायने असतात, हे तर आपलेच शास्त्र सांगते.

सूक्ष्मदर्शी:
असतात, आणि परीक्षानळीत ती ऑक्सिडीकरण रोखतातही. तेवढ्याने औषध होत नाही. वंशलोचनाचा विषय आपणच काढलात म्हणून सांगतो. ते म्हणजे बांबूच्या पोकळ पेरात साचून घट्ट झालेली सिलिका. गेल्या महिन्यात बाजारातून पुडी आणली, चिमूटभर पांढरी पूड काचेवर घेऊन आयोडीनचा एक थेंब टाकला, तर ती शाईसारखी काळीनिळी झाली. सिलिका निळी होत नाही, पिष्ट होते. म्हणजे पुडीत तवकिरीसारखे पिष्ट होते.

झाडीपट्टीवाला:
मी गडचिरोलीचा, नोकरीनिमित्त नागपुरात आहे. पावसाळ्यात आई वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, बारीक चिरून पाण्यात ठेवते, नंतर उकळून ते पाणी फेकून देते, कारण त्यांत टॅक्सिफायलिन नावाचे द्रव्य असते आणि त्यातून सायनाइड सुटते. त्यामुळे ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे आमच्या घरी कोणी मानत नाही. तरीही सरांनी दार पूर्ण लावून घेऊ नये. वन कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू कायद्याने ‘वृक्ष’ राहिला नाही, त्यामुळे तो तोडणे सोपे झाले, शेतकरी तो बांधावर लावू लागले आहेत, आणि तोडणीनंतर पाला वायाच जातो. बांबूची जात मानवेल की कटांग, पान कोवळे की जून, कोणत्या महिन्यातले, हे नोंदवून कोणी अर्क तपासला, तर निदान बाहेरून लावायच्या उपयोगाबद्दल ठाम बोलता येईल. आज सगळ्यांनाच नुसते ‘बांबू’ म्हटले जाते.

सूक्ष्मदर्शी:
ही अट मला पूर्ण मान्य आहे. माझा विरोध मालावरच्या ‘जंतुनाशक’ या चिठ्ठीला आहे, तपासणीला नाही.

इतवारीकर वैद्य:
मग रविवारी माझ्या बरणीतले वंशलोचन घेऊन येतो. आयोडीन आपले.