प्रति: मधुमेह नसेल तर ही गोळी कशाला?

मधुमेह नसताना किडनीसाठी डॅपाग्लिफ्लोझिन का देतात, असं वर विचारलंय. गोळी आली साखरेसाठीच. पण २०२० च्या डापा-सीकेडी या, जुनाट किडनीविकाराच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीतल्या ४३०४ रुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांना मधुमेह नव्हता, आणि फायदा त्यांनाही झाला. किडनीचं काम निम्म्याने घटणं, ती निकामी होणं किंवा किडनी-हृदयविकाराने मृत्यू, हा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला.

एक मात्र कळकळीने सांगते. सुरुवातीच्या आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) थोडं वाढू शकतं, कारण किडनीतल्या गाळण्यांवरचा दाब उतरतो. तो आकडा बघून माझ्या काकांनी परस्पर गोळी बंद केली होती! कृपया आधी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचीही तपासणी करून घ्या. सुरुवातीचं नुकसान क्रिएटिनिनमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही.