मदत हवी आहे: गिटारचा चामडी पट्टा खांद्याला रुततो

बास गिटारसाठी मी हाताने चामड्याचा पट्टा तयार करत आहे. सुमारे ३ मिलिमीटर जाडीचे चामडे ६ सेंटिमीटर रुंद कापले आहे. मात्र तासभर उभे राहून वाजवल्यावर त्याची कड मानेजवळ रुतते. रुंदी वाढवल्यास वजन अधिक जागेवर विभागले जाईल हे खरे, परंतु फार रुंद पट्टा मानेला भिडून पुन्हा तिथेच टोचेल, अशी शंका वाटते. खांद्यावरच्या भागात फोम घालून मऊ अस्तर शिवावे, की कडा गोल घासून पट्टा किंचित वक्र कापावा? अस्तराची खरबरीत बाजू मात्र खांद्याकडेच हवी, कारण हेडस्टॉकच्या (गिटारच्या दांड्याच्या टोकाला तारांच्या खुंट्या असलेल्या भागाच्या) वजनाने गिटार झुकू लागली की गुळगुळीत पट्टा लगेच घसरतो. ज्यांनी असा पट्टा स्वतः शिवून वापरला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.