स्लो मोशनमध्ये ओठ गाण्याशी कसे जुळवतात?

कोपरीकर: मंडळी, आमच्या ग्रुपचं कोळीगीत रेकॉर्ड झालंय, व्हिडिओ ठाण्यातल्या उपवन तलावावर करायचा विचार आहे. मोठ्या गाण्यांत पदर हळूहळू उडतो पण ओठ मात्र गाण्यावर बरोब्बर हलतात, ते कसं? आम्ही मोबाईलवर स्लो मोशन लावलं तर गायक जांभई देतोय असं दिसतं 😂

ऐरोली_एडिटर: सोप्पंय रे. सेटवर गाणं दुप्पट स्पीडने वाजवायचं, गायकाने त्याच स्पीडने ओठ हलवायचे आणि कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर (म्हणजे ५० चित्रं) ठेवायचा, मग एडिटिंगमध्ये सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर अर्ध्या स्पीडने टाकलं की पदर हळू आणि ओठ मूळ गाण्यावर. शब्द मात्र तोंडपाठ हवेत, फास्टमध्ये भल्याभल्यांची बोबडी वळते. म्हणून अख्खं गाणं असं करू नका, ध्रुवपदाचे दोन-तीन शॉट बास.

वाशीची_ताई: आणि कॅमेऱ्याचा माईक चालू ठेवा! तो आवाज फायनलला लागत नाही पण एडिटला गाण्याशी जुळवायला तोच कामाला येतो. स्लो मोशनच्या खास मोडमध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांत आवाज येतच नाही, साधा ५० फ्रेमचा मोड घ्या. रात्री शूट असेल तर शटर १/१०० सेकंदावर ठेवा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, नाहीतर दिवे लुकलुकतात.

कोपरीकर: भारीच! ठाण्याजवळच्या येऊरला पण एक कडवं करू का?

ऐरोली_एडिटर: जंगलात करणार असाल तर आधी वनखात्याची परवानगी काढा, नॅशनल पार्कचा भाग आहे तो. आणि कोळीगीत जंगलात कशाला बाबा, खाडीवर जा की.