शब्दचर्चा : रोमन-इराणी तहातलं सोनं ही 'खंडणी' का?

प्रश्न : रोमन सम्राट जस्टिनियन आणि इराणचा राजा पहिला खुस्रो यांच्या इ.स. 562 च्या तहात रोमनांनी इराणला दरसाल 30,000 सोन्याची नाणी द्यायचं ठरलं. मराठीत याला खंडणी म्हणावं की नजराणा?

उत्तर : नजराणा नकोच, तो देणाऱ्याच्या मर्जीचा. इथे हप्ते बांधलेले होते. तह 50 वर्षांचा. पहिल्या 7 वर्षांची रक्कम, म्हणजे 2,10,000 नाणी, आगाऊ. मग पुढच्या 3 वर्षांची एकदम, आणि त्यानंतर वर्षाच्या वर्षाला. एका रोमन पौंडाची 72 नाणी पडत, तेव्हा हिशेब दरसाल 416 पौंडांवर जातो.

'खंडणी'त मांडलिकी येते, आणि भांडण नेमकं तिच्यावरूनच होतं. 540 मध्ये अँटिओक हे रोमन शहर घेतल्यावर खुस्रोने 5,000 पौंड सोनं रोख आणि शिवाय दरसाल 500 पौंड मागितलं. रोमन वकील, म्हणजे राजदूत, म्हणाले, म्हणजे आम्ही तुमचे मांडलिक. खुस्रोने उलटं मांडलं : कॉकेशसच्या खिंडी हूणांपासून आम्ही राखतो, तेव्हा आम्हीच तुमचे पगारी शिपाई. 562 च्या तहातही पहिलं कलम या खिंडींचंच आहे. रोमन बाजूने लिहिताना 'खंडणी' वापरली, तर रोमनांची मांडलिकी आपणच मान्य केल्यासारखं होतं. 'वार्षिक रक्कम' लिहा.

शंका : खिंडी राखायचा मोबदला असेल, तर 'तैनाती फौजेचा खर्च' का नको?

उत्तर : तैनाती फौज पैसे देणाऱ्याच्या मुलखात राहते. ही ठाणी इराणकडेच होती. चौथाईही बसत नाही. ती महसुलाचा हिस्सा, आणि इथे आकडा ठरलेला.

भर : 'तह' आणि 'तहकुबी' (लढाई तात्पुरती थांबवणं) यांतही गल्लत होते. 545 चा करार 5 वर्षांची तहकुबी होता, 2,000 पौंडांना. 532 चा मात्र तह : 11,000 पौंड एकरकमी, मुदत नाही, म्हणून नाव 'अनंत शांतता'. तो 540 मध्ये मोडला. मुदतीवरून शब्द निवडा, टिकला किती यावरून नाही. 50 वर्षांचा तहही 572 मध्ये मोडला, तरी तो तहच.

आणखी एक : 562 च्या तहाची 'मूळ प्रत' असं एकवचनी लिहू नये. मजकूर ग्रीक आणि फारसी दोन्हींत होता. तो ताडून पाहिल्यावर वकिलांच्या, तसंच 6 रोमन आणि 6 इराणी दुभाष्यांच्या मोहोरा झाल्या. मोहोरबंद फारसी प्रत रोमन वकील पीटरकडे गेली, ग्रीक प्रत इराणी वकिलाकडे. शिवाय दोघांनी स्वतःच्या भाषेतला बिनमोहोरेचा तर्जुमा जवळ ठेवला.